पुंगळी कुठे उडते?

३ सप्टेंबर

आत्या,

नमस्कार. तब्येत विचारत नाही, विचारली की चिडतेस. सरळ कामाचं लिहितो.

मी रस्त्याच्या मोजणीवाल्यांबरोबर डोंगरात आहे, हे आईने सांगितलं असेलच. ते काठ्या आणि साखळ्या घेऊन पुढे, मी बंदूक घेऊन मागे. इथे अस्वलं आहेत. फोन लागत नाही. बुधवारी सामानाचा ट्रक येतो, तोच टपाल आणतो आणि नेतो.

बंदूक ऑफिसने दिली आहे. सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे एकदा चाप ओढला की एक गोळी सुटते, रिकामी पुंगळी आपोआप बाहेर पडते आणि पुढचं काडतूस आपोआप चढतं. चढायला पाहिजे, असं म्हणू. माझ्या हातात ती दोनतीन गोळ्यांत एकदा तरी अडकते. पुंगळी अर्धी बाहेर येते आणि मागेपुढे सरकणाऱ्या बोल्टच्या तोंडात उभी राहते, दारात पाय अडकलेल्या माणसासारखी. आणि निशाणा तर विचारूच नकोस. खोक्यावर कागद लावला, पन्नास पावलांवरून झाडल्या. एक कागदाच्या कोपऱ्यात, दोन खाली मातीत, एक कुठे गेली ते देव जाणे.

तू आणि काकांनी आयुष्यभर बंदुका दुरुस्त केल्या. काय बघू ते सांग. विशेष काही झालेलं नाही, उगाच काळजी करू नकोस. सरावासाठी विचारतोय.

तुझा भाचा,
बांबू


७ सप्टेंबर

बांबू,

आशीर्वाद. वर लिहिला तरी तोच, खाली लिहिला तरी तोच, म्हणून एकदाच लिहिते.

"विशेष काही झालेलं नाही" असं ज्या पत्रात असतं त्यात विशेष काहीतरी झालेलं असतं. ते तू सांगशील तेव्हा सांग. आधी बंदूक.

चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे मी, मला पुस्तकी सांगता येणार नाही. दुकानात करायचे तसं सांगते. पहिली गोष्ट, बंदूक रिकामी कर. काडतुसांचं मॅगझिन काढ, बोल्ट मागे ओढ, बोट घालून बघ. बघितलं असं म्हणायचं नाही, बोट घालायचं. मग वरची दुर्बीण धरून हलव. तिच्या पट्ट्यांचे स्क्रू सैल असले तर तू निशाणा घेतोस झाडावर आणि गोळी जाते शेजारच्या गावाला. दस्ता नळीला जिथे धरतो तिथले स्क्रू पण आवळ. पिळून मोडू नकोस, तुझ्या बापासारखा. नळीच्या तोंडाला नख लावून फिरव, कुठे खाच पडली असली तर नख अडकेल.

आता अडकणं. तू कुठली काडतुसं वापरतोस? पेटीत दोन जातीची एकत्र झाली असतील तर वेगळी कर, एकाच जातीची झाडून बघ. मॅगझिन बदलून बघ. एकाच मॅगझिनला अडकत असेल तर स्प्रिंग थकली आहे, बंदुकीला शिव्या देऊ नकोस. काडतूस बसतं ते घर ब्रशने घास, काजळी धरते. आणि तेल कमी. थंडीत जास्त तेल म्हणजे चिखल. लोक बंदुकीला तेल लावतात की तळायला घेतात, कळत नाही मला.

तुझ्याकडच्या जातीची बंदूक मला माहीत आहे. गोळी सुटली की नळी धक्क्याने मागे येते, त्या धक्क्यावरच आतलं सगळं चालतं. दुसऱ्या कशाची ताकद नाही तिला.

एवढं कर आणि मला चार रिकाम्या पुंगळ्या पाठव, भोकं पडलेला कागद पाठव. आणि तीन प्रश्नांची उत्तरं दे. कधीपासून अडकते? दुसऱ्या कोणी झाडली तर अडकते का? नीट चाललेली असते तेव्हा रिकामी पुंगळी कुठे उडते?

उगाच लांब लिहू नकोस, माझा चष्मा जुना आहे.

आत्या


१६ सप्टेंबर

आत्या,

सगळं केलं. बोट घातलं. दुर्बिणीचा एक स्क्रू सैल होता, आवळला. काडतुसं एकाच जातीची आहेत. तिन्ही मॅगझिनं बदलून पाहिली, तिन्हीला अडकते. घर घासलं, तेल पुसलं. तरीही तेच. निशाणाही तोच, म्हणजे कसलाच नाही.

कधीपासून, तर साधारण महिनाभर. दुसऱ्याच्या हातात? ऑफिसने एक माणूस पाठवला होता. त्याने वाळूच्या पिशवीवर ठेवून दोन मॅगझिनं झाडली, एकदाही अडकली नाही, आणि भोकं सगळी ताटलीएवढ्या जागेत. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं." सगळे हसले. मीही हसलो. तो गेल्यावर मी झाडली, दुसऱ्याच गोळीला अडकली. मला वाटतं त्या दिवशी ऊन होतं म्हणून चालली. थंडीत काहीतरी आखडत असेल आतलं. तू शोध.

पुंगळी कुठे उडते, ते माहीत नाही. लक्ष नाही गेलं. त्याने काय फरक पडतो?

आत्या, लवकर लिही. परवा पाण्याच्या टाकीजवळ पावलं दिसली. माझा पंजा त्यात ठेवला तर बोटं मावून वर जागा उरत होती. रात्री कुणी तंबूच्या बाहेर पडत नाही, बादल्या आत ठेवल्या आहेत. मी एकटाच बंदूकवाला आहे इथे. जोडीदार होता, तो सध्या रजेवर आहे. सकाळी मोजणीवाले साखळी उचलायच्या आधी माझ्याकडे बघतात. 

पुंगळ्या आणि कागद सोबत आहेत. पुडकं आचारीबुवांनी बांधून दिलं.

बांबू


(पुडक्यातच, पुंगळ्यांच्या खाली, घडी घातलेला कागद)

बाई, नमस्कार.

ओळख नाही, माफ करा. मी इथला आचारी. कोठीही माझ्याकडेच, म्हणजे बटाटे, रॉकेल आणि काडतुसं, सगळ्यांचा मालक मीच. मॅगझिन पण मीच भरून देतो.

हे पत्र मी लिहिलंय हे तुमच्या भाच्याला समजलं तर तो मला कढईत घालेल. पण पोरगं चांगलं आहे म्हणून लिहितो. जोडीदार रजेवर नाही. दवाखान्यात आहे. महिन्यापूर्वी ओढ्याजवळ अस्वल आलं, तेव्हा दोघं बरोबर होते. भाच्याने झाडली, लागली नाही. दुसरी झाडायला गेला तर बंदूक अडकली. तो ती झटकत बसला आणि अस्वलाने जोडीदाराची मांडी धरली. शेवटी आम्ही डबे वाजवत धावलो म्हणून सुटला. पाय राहील की नाही, अजून डॉक्टर सांगत नाहीत.

त्या दिवसापासून भाचा जेवत नाही धड. रोज बंदूक उघडतो, पुसतो, बंद करतो. इतकी स्वच्छ बंदूक मी पाहिली नाही, तिच्यात भाजी करून वाढता येईल. मुकादम साहेबांना सांगत नाही काही. बंदूक खराब आहे एवढंच म्हणतो. आणि आम्हा आठ माणसांचा जीव त्या बंदुकीवर. बाई, मला भीती वाटते. बंदुकीची वाटते की त्याची, ते कळत नाही.

तुम्ही काही करू शकलात तर करा.

आचारी


२१ सप्टेंबर

आचारीबुवा,

नमस्कार. बरं केलंत लिहिलंत. आता नीट वाचा, दोनदा वाचा.

बंदुकीत काही दोष नाही. पुंगळ्या बघितल्या, त्यांची बुडं साफ, तोंडं साफ. कागद बघितला. भोकं सगळी खाली आणि डावीकडे सांडलेली, दाणे सांडावेत तशी. दुर्बीण वाकडी असती तर वाकडी का होईना, पण एका जागी पडली असती.

भाच्याला विचारलं पुंगळी कुठे उडते, तर म्हणतो माहीत नाही. महिनाभर रोज झाडतो आणि गालापाशी उडणारी पितळेची पुंगळी दिसत नाही? ज्याचे डोळे मिटलेले असतात त्याला दिसत नाही. चाप ओढायच्या आधीच तो घाबरून डोळे मिटतो, तोंड खाली घालतो आणि खांदा मागे चोरतो. तोंड खाली गेलं की नळी खाली जाते, निशाणा गेला. खांदा पळाला की या बंदुकीचा धक्का टेकायला जागा नाही उरत, मग आतलं अर्धवट चालतं आणि पुंगळी अडकते. दोन दुखणी नाहीत, एकच आहे. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, तसं झालंय त्याचं.

हे सांगून उपयोग नाही. सांगितलं तर म्हणेल मी डोळे मिटत नाही. खरंच वाटतं त्याला तसं. म्हणून आमच्या दुकानाची एक रीत होती. बंदूक घेऊन कुणी तक्रार करत आला की आधी माणूस तपासायचा, मग बंदूक. त्याच्या नकळत मॅगझिनमध्ये एक खोटं काडतूस घालायचं. तीन खोटी पाठवते आहे. आत दारू नाही, बुडाला, ठिणगी पाडणाऱ्या टोपीच्या जागी, रबर बसवलंय. लाल रंग मी स्वतः दिलाय, लांबून कळावं म्हणून.

दिवसा, उजेडात, खोक्यासमोर सराव लावा. सगळे मागे उभे राहू द्या. तुम्ही मॅगझिन भराल तेव्हा दोन खऱ्यांच्या खाली एक लाल घाला. वरून दिसत नाही. तो चाप ओढेल, आवाज होणार नाही, पण नळी मात्र खाली डुलकी मारेल. त्याला ती डुलकी स्वतःच्या डोळ्यांनी दिसू द्या. हसू नका. मग त्याला हे पत्र दाखवा.

आणि सराव संपला की तिन्ही लाल हातात परत घ्या, तुमच्या खिशात ठेवा, खिशाला बटण लावा. खोटं काडतूस सरावात औषध, पहाऱ्यावर विष. अस्वलासमोर एकदा "टक" झालं तर पुढचं मला लिहायला कोणी उरणार नाही.

आत्याबाई


२१ सप्टेंबर

बांबू,

तुझं पुडकं मिळालं. पुंगळ्या बघते आहे, घाई करू नकोस. तोपर्यंत बंदूक उघडणं बंद कर. उघडून उघडून चांगली बंदूक बिघडते. आचारीबुवांबरोबर सराव कर, ते सांगतील तसा. मोठा माणूस आहे, ऐक.

झोपतोस का? जेवतोस का? हे काळजीने विचारत नाही. उपाशी माणसाचा हात हलतो, म्हणून विचारते.

आत्या


३० सप्टेंबर

बाई, नमस्कार.

तुमची तिन्ही मंडळी पोचली, सुखरूप. तुम्ही सांगितल्याच्या पुढे जाऊन एक काम मी केलं, कौतुक कराल. तो लाल रंग फार भडक होता. भाचा बंदुकीच्या बाबतीत घारीसारखा बघतो, मॅगझिनच्या बाजूच्या भोकातून त्याला लाल दिसलं असतं तर सगळं मुसळ केरात. म्हणून मी रॉकेलने घासून रंग काढला. पितळ असं चकाकतंय. बुडाच्या काळ्या रबरालाही चुलीच्या पाइपाचा चंदेरी रंग लावला, टोपीसारखाच दिसतो. आता तुम्ही स्वतः आलात तरी ओळखणार नाही.

सराव मात्र अजून झाला नाही. धुकं उतरलंय. सकाळी हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. मुकादम साहेब म्हणाले, धुक्यात कुणीही गोळी झाडायची नाही, माणसं कुठे असतात पत्ता नसतो. बरोबर आहे त्यांचं. मी एक मॅगझिन तयार करून ठेवलं होतं, दोन खऱ्यांखाली एक खोटं, आणि बाकी दोन माझ्या ॲप्रनच्या खिशात. पण रविवारी मुकादम साहेबांनी अचानक कोठी तपासली. मॅगझिनं ओली झाली असतील म्हणून सगळी रिकामी करून पेटीत ओतायला लावली, माझ्या खिशातली दोन मी तेव्हा टेबलावर काढून ठेवली होती, तीही त्यांनीच उचलून पेटीत टाकली. "काडतुसं अशी इकडे तिकडे ठेवता?" म्हणून मलाच झापलं. मग पुसून परत भरली सगळी मॅगझिनं. मी काय बोलणार? बोललो तर भाच्याचं सगळं बाहेर पडणार.

म्हणजे ती तीन आता त्या सगळ्यांतच कुठेतरी आहेत. काळजी करू नका, धुकं गेलं की सरावात निघतील.

काल कोठीची ताडपत्री फाडली अस्वलाने. मधोमध, कात्रीने कापल्यासारखी. आवाज कुणालाच आला नाही, ते जास्त वाईट वाटतं. एवढा मोठा जीव आणि आवाज नाही. तेलाचा डबा चपटा करून गेला, त्यावर दातांची भोकं आहेत. भाचा त्या भोकांत बोट घालून बराच वेळ बसला होता.

आचारी


४ ऑक्टोबर

अहो आचारीबुवा,

काय केलंत हे! अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तुम्ही तर गोठाच रिकामा करून ठेवलात. लाल रंग शोभेला लावला होता का मी? तो रंग म्हणजेच सगळं होतं. त्या पोराच्या बंदुकीत आता काय भरलंय ते त्याला माहीत नाही, तुम्हाला माहीत नाही, मला माहीत नाही. आणि दारात जनावर.

हे पत्र हातात पडल्या क्षणी, उभ्या उभ्या, सगळी मॅगझिनं आणि पेटी टेबलावर ओता. कोठीत तराजू असेल. एकेक काडतूस ताटलीत ठेवा. दारू नसलेलं हलकं भरेल, लगेच कळेल. हलकी तीन निघेपर्यंत थांबायचं नाही. निघाली की चुलीत नका टाकू, नाहीतर तुम्ही तेही कराल. दगडावर ठेवून ठेचा.

भाच्याला आणि मुकादमांना सगळं सांगा. लाज गेली खड्ड्यात. आधी जीव.

मी टपालपेटीपर्यंत स्वतः जाते आहे, शेजारणीवर सोडत नाही.

आत्याबाई


१४ ऑक्टोबर

आत्या,

मी जिवंत आहे, आचारीबुवा जिवंत आहेत. हे आधी लिहितो, नाहीतर तू शेवटचं पान आधी वाचशील.

शुक्रवारी सकाळी आचारीबुवा पाण्याला निघाले. नियम असा आहे की पाण्याला कुणी एकटं जायचं नाही, म्हणून बंदूक घेऊन मी मागे. धुकं इतकं की मला त्यांच्या पाठीवरची ॲप्रनची गाठ तेवढी दिसत होती, पांढरी. मी त्या गाठीच्या मागे चालत होतो. ते बडबडत होते, बटाट्यांना कोंब आलेत म्हणून. मग बडबड थांबली.

झऱ्याच्या पलीकडे दगड होता असं मला वाटत होतं. तो दगड उभा राहिला.

वास आधी आला. ओल्या घोंगडीचा आणि सडक्या मांसाचा. मग श्वास ऐकू आला. आचारीबुवांच्या हातातून डबे पडले, ते तसेच मागे सरायला गेले आणि घसरून गुडघ्यावर आले, माझ्या आणि त्याच्या मध्ये. अस्वल खाली टेकलं आणि चालत यायला लागलं. धावत नव्हतं. धावलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी बंदूक उचलली. आचारीबुवांच्या डोक्यावरून निशाणा घेतला, नीट, छातीवर. चाप ओढला.

टक.

आत्या, त्या क्षणाचं मला तुलाच सांगता येईल. मी आवाजाची वाट बघत होतो, धक्क्याची वाट बघत होतो. काहीच आलं नाही. इतकी शांतता झाली की मी डोळे उघडले. म्हणजे ते मिटलेले होते. मला माहीत नव्हतं. आणि उघडले तेव्हा नळी अस्वलावर नव्हती. खाली आली होती. समोर पांढरी गाठ होती. बरोबर आचारीबुवांच्या पाठीवर टेकल्यासारखी.

खरं काडतूस असतं तर मी त्यांना मारलं असतं. आणि म्हटलं असतं बंदूक खराब आहे.

मग मी काय केलं ते हातांनी केलं, डोकं नव्हतं तिथे. बोल्ट ओढला, ते खोटं बाहेर पडलं. ओरडलो, "बुवा, आडवे व्हा!" ते चिखलात आडवे झाले, तोंड झाकून. अस्वलाने पुढचे पाय उचलले, पूर्ण उभं राहिलं. दस्ता खांद्यात इतका रुतवला की खांदा अजून निळा आहे. डोळे मिटत होते, आत्या. पापण्या आपल्या आपण खाली येत होत्या, मी त्या वर धरून ठेवल्या, ओझं उचलल्यासारख्या. झाडली. पुन्हा झाडली. दोन्ही वेळा अडकली नाही.

ते वळलं आणि धुक्यात गेलं. दगडावर रक्त सापडलं, ते नाही सापडलं. अजून असेल कुठेतरी.

मी तिथेच बसलो. आचारीबुवा चिखलातून उठले, पहिलं वाक्य काय बोलले माहीत आहे? "रंग मी घासला होता." मला वाटलं भीतीने डोकं फिरलं त्यांचं. मग त्यांनी सगळं सांगितलं. तुझं पत्र दाखवलं. कोठीत जाऊन आम्ही एकेक काडतूस हातावर तोलून बघितलं, उरलेली दोन सापडली, दगडावर ठेचली.

त्याच दिवशी मुकादमांना सगळं सांगितलं. ओढ्यावरचंही. त्या दिवशीही माझे डोळे मिटलेले असणार, आत्या. जोडीदाराच्या पायाचं मी आजवर बंदुकीवर ढकललं.  मुकादम म्हणाले, "दोन बंदूकवाले येईपर्यंत तळ खाली हलवू. तोवर बंदूक तुझ्याकडेच राहील. डोळे मिटतात हे ज्याला माहीत आहे, तो बरा." जोडीदाराला मी पत्र लिहायला घेतलंय. तीनदा फाडलं. त्यात बंदुकीचं नाव येणार नाही, एवढं ठरलंय.

आता एक विचारतो. शुक्रवारच्या आधी, बुधवारच्या ट्रकने, आचारीबुवांच्या नावाने तुझं पाकीट आलं होतं. अक्षर तुझं, चारही बाजूंनी डिंक लावून चिकटवलेलं. उघडलं तर आत काहीच नव्हतं. त्यांनी झटकलं, उजेडात धरलं, चुलीच्या वाफेवरही धरलं, काही अक्षरं उमटतील म्हणून. घाबरून कुणाला सांगितलं नाही. "बाई रागावल्या, बोलायचं नाही म्हणून कोरं पाठवलं," असं वाटलं त्यांना. आता कळतंय त्यात काय असायला हवं होतं. ते आत असतं तर त्यांनी बुधवारीच खोटी काढली असती. मग शुक्रवारी माझ्या बंदुकीत खरं असतं.

हे मी आचारीबुवांना बोललो नाही. त्यांना कळलंय. तेव्हापासून चहा पहिला मला देतात.

तू कोरं पाकीट पाठवशील? टपालाचं तिकीट वाया घालवणारी बाई तू नाहीस. आत्या, तू घाबरली होतीस?

पुंगळी उजव्या बाजूला उडते, जरा मागे. गालाला चटका देऊन गेली.

बांबू


१९ ऑक्टोबर

बांबू,

आशीर्वाद.

पुंगळी उजवीकडे, जरा मागे. बरोबर. म्हणजे बंदूक ठीक आहे. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हाच हे उत्तर आलं असतं तर इतका कागद लागला नसता.

खांद्याला मिठाच्या पाण्याने शेक. रोज रिकाम्या बंदुकीवर सराव कर, बोट घालून रिकामी आहे बघून. दस्ता खांद्यात, चाप हळू, डोळे उघडे. पापण्या मिटतील. मिटू देत, पुन्हा कर. जोडीदाराचं पत्र चौथ्यांदा फाडू नकोस, जसं येईल तसं पाठव. आचारीबुवांना सांग, पुढच्या वेळी मी जे सांगेन त्याच्या पुढे जायचं नाही. मागेच राहायचं. आणि सांग की मी रागावलेली नाही.

ते पत्र मला काल सापडलं. माझ्या चष्म्याच्या डबीखाली, टेबलावरच होतं. तुझं पत्र वाचायला डबी उचलली तेव्हा दिसलं. सोबत पाठवते, वाच किंवा चुलीत घाल.

मी घाबरले नव्हते. घाईत होते. घाईत माणूस विसरतो.

या पाकिटात मात्र सगळं घातलंय. चिकटवायच्या आधी दोनदा बोट घालून बघितलं.

आत्या